मीठ, चुना आणि मोरचूद: रासायनिक बंध आणि अभिक्रिया, अगदी पहिल्यापासून

रसायनशास्त्र अर्ध्यात सोडलेल्या माणसाची तक्रार बहुतेकदा एकच असते: पाठच होत नाही. माझ्या मते पाठ करायला बसणं हीच खरी अडचण आहे. सुरुवातीच्या रसायनशास्त्रात पाठ करायचं फार थोडं असतं आणि मोजायचं भरपूर. संयुजा (म्हणजे एक अणू किती बंध करू शकतो तो आकडा), सूत्र, समीकरण हे सगळं शेवटी इलेक्ट्रॉन आणि अणू मोजण्यावर येतं. नववी-दहावीची मुलं, त्यांना घरी शिकवणारे पालक आणि शाळा सुटून बरीच वर्षं झाल्यावर पुन्हा वही उघडणारे, अशा सगळ्यांना हाच क्रम चालेल. मुख्य पदार्थ तीनच घेऊ. मीठ घरात आहे, चुना पानाच्या टपरीवर मिळतो आणि मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटचे निळे खडे, कृषी सेवा केंद्रात.

पायरी १: पहिली २० मूलद्रव्यं

हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंतची २० नावं मात्र क्रमाने पाठ हवीत. पाठांतर इथेच संपतं. यादीतला क्रमांक म्हणजे अणुअंक, म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन, आणि अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असल्यामुळे तेवढेच इलेक्ट्रॉन. ते आतून बाहेर भरत जायचे: पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात ८, उरले ते चौथ्यात.

वहीत स्वतः मांडा. कार्बन ६ म्हणजे २, ४. ऑक्सिजन ८ म्हणजे २, ६. सोडियम ११ म्हणजे २, ८, १. क्लोरीन १७ म्हणजे २, ८, ७. कॅल्शियम २० म्हणजे २, ८, ८, २. हा हिशेब कॅल्शियमपर्यंतच चालतो. स्कँडियमपासून तो मोडतो, त्यामुळे लोखंड आणि तांब्याची मांडणी अशी करत बसू नका. त्यांच्या संयुजा तूर्त तयार घ्यायच्या.

पायरी २: नजर शेवटच्या कवचावर

रासायनिक घडामोडी होतात त्या बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांमुळे. हेलियम (२), निऑन (२, ८) आणि अरगॉन (२, ८, ८) कुणाशी सहसा संयोग पावत नाहीत. बाकीचे अणू बंध करतात तेव्हा त्यांची बाहेरची मांडणी बहुधा या वायूंसारखी होते. हेच अष्टक.

संयुजा यातूनच निघते. बाहेर १, २ किंवा ३ इलेक्ट्रॉन असतील तर तीच संयुजा. ४ असतील तर ४. त्याहून जास्त असतील तर ८ मधून वजा करा: ऑक्सिजनची २, क्लोरीनची १. हायड्रोजनची १, कारण त्याचं कवच दोनातच भरतं.

अष्टकाला कायदा समजू नका, तो अंदाजाचा नियम आहे. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात. सल्फर हेक्साफ्लुओराइडमध्ये सल्फरभोवती बंधांचे मोजले तर बारा भरतात. आणि १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉन या 'निष्क्रिय' वायूचंही संयुग करून दाखवलं.

पायरी ३: आयनिक बंध, म्हणजे मीठ

सोडियमचा बाहेरचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे जातो. सोडियम धन आयन (आयन म्हणजे प्रभार आलेला कण) होतो, क्लोरीन ऋण आयन होतो आणि विरुद्ध प्रभार एकमेकांना धरून ठेवतात. इथपर्यंत सगळी पुस्तकं सारखीच सांगतात. पुढे मात्र 'सोडियमला एक द्यायचा असतो, क्लोरीनला एक हवा असतो, म्हणून दोघेही खूश' असं एक गोड वाक्य येतं. ते मला अजिबात आवडत नाही, कारण आकडे काही वेगळंच सांगतात.

एक मोल सोडियम अणूंकडून एकेक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. (मोल हे मोजायचं एकक आहे, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतक्या नगांचं. आत्ता एवढं पुरे.) तो इलेक्ट्रॉन क्लोरीनला दिल्यावर परत मिळतात सुमारे ३४९. म्हणजे नुसती देवाणघेवाण १४७ किलोज्यूलने तोट्यात जाते! हा तोटा भरून निघतो तो आयन स्फटिकात रचले जातात तेव्हा. एक मोल मिठाचा स्फटिक त्या आयनांपासून जुळताना सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. सोडियमला काही 'हवं' नसतं. मीठ होतं ते या रचनेमुळे.

ही रचना डोळ्यासमोर आणा. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, सगळ्या दिशांना. यात 'मिठाचा एक रेणू' म्हणून वेगळा काढता येईल असं काही नसतंच. सूत्रातलं एकास एक हे फक्त प्रमाण आहे. खडेमीठ भिंगाखाली धरलं तर चौकोनी कडा दिसतात, त्या याच मांडणीमुळे. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, तेही या घट्ट पकडीमुळेच. कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही, कारण आयन जागेवर अडकलेले असतात. पाण्यात विरघळलं की मोकळे होतात आणि वीज वाहते. हे पडताळायला घरच्या प्लगची वायर पाण्यात घालायची नाही, हे सांगायला नकोच.

पायरी ४: सहसंयुज बंध, म्हणजे पाणी

दोन अधातू भेटले तर इलेक्ट्रॉन कुणीच सोडत नाही. मग जोडी दोघांच्या मध्ये राहते आणि दोघांच्याही हिशेबात धरली जाते. सामायिक जोडीची ही कल्पना गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. आज आपण वहीत ठिपके काढतो ते त्यांचेच.

पाण्याची आकृती अशी काढा. मध्ये ऑक्सिजन, भोवती सहा ठिपके. दोन हायड्रोजन आपापला एकेक ठिपका घेऊन येतात. दोन जोड्या बंधात गेल्या, दोन जोड्या ऑक्सिजनकडेच मोकळ्या राहिल्या. मोजा: ऑक्सिजनभोवती आठ, प्रत्येक हायड्रोजनपाशी दोन. मोजणी जुळली की आकृती बरोबर. ऑक्सिजनच्या स्वतःच्या रेणूत दोन जोड्या सामायिक असतात, तो दुहेरी बंध. नायट्रोजनमध्ये तिहेरी.

जोडी सामायिक असली तरी ती बरोबर मध्यावर असेलच असं नाही. इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद, म्हणजे विद्युतऋणता, पॉलिंग यांच्या मापनश्रेणीवर ऑक्सिजनची ३.४४ आहे, हायड्रोजनची २.२०. त्यामुळे पाण्यात जोडी ऑक्सिजनकडे झुकते. रेणू सरळ रेषेत नसून १०४.५ अंशात वाकलेला असल्यामुळे ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन राहते. मीठ पाण्यात विरघळतं ते यामुळे. तेलाच्या रेणूला असे टोकदार ध्रुव नसतात, म्हणून तेलात ते तसंच तळाशी बसतं.

विद्युतऋणतेतला फरक वाढत गेला की सहसंयुज बंध हळूहळू आयनिक होत जातो. सोडियम ०.९३ आणि क्लोरीन ३.१६ यांच्यातला फरक २.२३ येतो, म्हणून मीठ आयनिक. साधारण १.७ च्या पुढे आयनिक म्हणायची पद्धत आहे, पण ती रेघ माणसाने सोयीसाठी ओढली आहे. (धातूंमधला बंध तिसरा: बाहेरचे इलेक्ट्रॉन सगळ्या तुकड्यात मोकळे फिरतात, म्हणून तांब्याची तार वीज नेते. त्यावर इथे थांबत नाही.)

आता मोरचूद. हे कॉपर सल्फेट. कॉपर आयन आणि सल्फेट आयन यांच्यात आयनिक बंध, पण सल्फेटच्या आत एका सल्फरला चार ऑक्सिजन सहसंयुज बंधाने जोडलेले. म्हणजे एकाच पदार्थात दोन्ही प्रकार. पाण्यात टाकल्यावर कॉपर आणि सल्फेट सुटे होतात, सल्फेट मात्र आतून फुटत नाही. म्हणूनच समीकरण मांडताना सल्फेटचा अख्खा गट एक नग म्हणून मोजला तरी चालतं. निळे खडे तापवले की त्यांतलं पाणी निघून जाऊन पांढरी भुकटी उरते. तिच्यावर पाण्याचे थेंब टाकले की निळा रंग परत येतो. दुकानात मिळणाऱ्या मोरचूदात प्रत्येक कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू असतात. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

पायरी ५: सूत्र लिहिणं

नावं शेजारी लिहा, प्रत्येकाची संयुजा डोक्यावर लिहा, आणि एकाचा आकडा तिरकस दुसऱ्याच्या खाली उतरवा. कॅल्शियम २, हायड्रॉक्साइड (एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांचा गट) १: म्हणजे एका कॅल्शियमला दोन हायड्रॉक्साइड. ॲल्युमिनियम ३, ऑक्साइड २: दोन ॲल्युमिनियम, तीन ऑक्सिजन. दोन्हीकडे सारखा आकडा असेल तर भाग देऊन टाका: कॉपर २, सल्फेट २, म्हणजे एकास एक.

पायरी ६: अभिक्रिया ओळखणं, म्हणजे चुना

अभिक्रियेत जुने बंध तुटतात, नवे जुळतात, अणू तेवढेच राहतात. बाहेरून दिसणाऱ्या खुणा चार: वायू निघणं, रंग बदलणं, गरम किंवा गार होणं, आणि दोन स्वच्छ द्रावणं मिसळल्यावर साका तयार होणं, ज्याला पुस्तकात अवक्षेप म्हणतात. खूण दिसली म्हणजे अभिक्रिया झालीच असं नाही. पाणी उकळतानाही बुडबुडे येतात आणि तिथे काहीही नवीन तयार होत नाही.

चुन्यात तीन अभिक्रिया ओळीने दिसतात:

कॅल्शियम कार्बोनेट → कॅल्शियम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड
कॅल्शियम ऑक्साइड + पाणी → कॅल्शियम हायड्रॉक्साइड
कॅल्शियम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम कार्बोनेट + पाणी

पहिली भट्टीतली. चुनखडी सुमारे ९०० अंशांना भाजली की कळीचा चुना मिळतो. कोकणात आणि गोव्यात शिंपल्या भाजूनही चुना काढत, कारण शिंपल्याही कॅल्शियम कार्बोनेटच्याच. वजनाचा हिशेब सोपा आहे: १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीतून ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो आणि ४४ ग्रॅम वायू उडून जातो. दुसरी अभिक्रिया चुना विरवण्याची. यात इतकी उष्णता निघते की पाणी खदखदतं आणि शिंतोडे उडतात. चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून कळीचा चुना मुलांच्या हातात द्यायचा नाही.

तिसरी मात्र घरी करा. पानाचा चुना आधीच विरलेला असतो. सुपारीएवढा चुना पेलाभर पाण्यात ढवळा, झाकून रात्रभर ठेवा, आणि वरची निवळी हलक्या हाताने दुसऱ्या पेल्यात ओतून घ्या. ती पाण्यासारखी स्वच्छ दिसली पाहिजे. स्ट्रॉने तिच्यात हळू फुंका (ओढायचं नाही, फक्त फुंकायचं). थोड्याच वेळात निवळी दुधाळ होते. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने तिच्यात न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट तयार केलं. बहुतेक जण इथेच थांबतात. थांबू नका, फुंकत राहा. वायू पुरेसा गेला तर दुधाळपणा कमी होऊ लागतो, कारण आता पाण्यात विरघळणारं कॅल्शियम हायड्रोजनकार्बोनेट तयार होत असतं. तोंडाने फुंकून पूर्ण स्वच्छ व्हायला दमछाक होते, पण फरक कळतो.

पुस्तकात अभिक्रियांचे चार प्रकार असतात: संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन. वरची पहिली अपघटन, दुसरी संयोग. तिसरी या चारांत धड कुठेच बसत नाही. प्रकार ओळखता आला नाही म्हणून अडून बसू नका. काय तुटलं आणि काय जुळलं हे सांगता आलं तर तुम्हाला अभिक्रिया समजली आहे.

पायरी ७: समीकरण संतुलित करणं

सगळ्यात जास्त गळती इथे होते. नियम एकच: बाणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे. बदलायचा तो पदार्थाच्या आधीचा आकडा, सूत्राच्या आतला नाही. पाण्यातला ऑक्सिजन एकाने कमी पडतो म्हणून आतला आकडा दोन केलात तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं.

घरच्या सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. प्रोपेनमध्ये ३ कार्बन, ८ हायड्रोजन. तो पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. क्रम लक्षात ठेवा: आधी कार्बन, मग हायड्रोजन, ऑक्सिजन शेवटी, कारण तो एकटा सुटा येतो आणि त्याला हवं तसं वाढवता येतं.

कार्बन ३, म्हणून उजवीकडे ३ कार्बन डायऑक्साइड.
हायड्रोजन ८, पाण्यात दोन-दोन, म्हणून ४ पाणी.
उजवीकडचा ऑक्सिजन मोजा: ६ आणि ४, एकूण १०. रेणूत दोन असतात, म्हणून डावीकडे ५.

१ प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी

आता ब्यूटेन तुम्ही करा: ४ कार्बन, १० हायड्रोजन. मध्येच ऑक्सिजनचे साडेसहा रेणू येतील. घाबरू नका, सगळ्या आकड्यांना दोनने गुणा. उत्तर २, १३, ८, १०. गॅसची ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली तर हा ऑक्सिजन कमी पडतोय असं समजा, आणि बर्नर साफ करून घ्या.

पायरी ८: ऊर्जा कुठून येते

'बंधात ऊर्जा साठलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर येते' हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलेलं आहे की ते खोडायला एक अख्खी पायरी द्यावी लागते. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते, नेहमीच. चिकटलेले दोन लोहचुंबक ओढून सुटे करताना जोर आपल्याला लावावा लागतो, तसंच. ऊर्जा मिळते ती नवा बंध जुळताना.

हायड्रोजन जळण्याचा हिशेब करून बघा. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन घेतले. तोडायचा खर्च: हायड्रोजनचे बंध ४३६ किलोज्यूल प्रत्येकी, दोनदा, म्हणजे ८७२. ऑक्सिजनचा दुहेरी बंध ४९८. एकूण १३७०. पाण्याच्या वाफेत ऑक्सिजन-हायड्रोजन बंध चार जुळले, प्रत्येकी सुमारे ४६३, एकूण १८५२. जमा वजा खर्च, ४८२ किलोज्यूल बाहेर. अशी जमा जास्त असेल तर अभिक्रिया उष्मादायी, खर्च जास्त असेल तर उष्माग्राही. चुनखडी भाजताना भट्टी सतत पेटती ठेवावी लागते, ती दुसऱ्या प्रकारातली.

पायरी ९: सगळं एकत्र, बोर्डो मिश्रणात

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत केवडा रोगावर आणि कोकणात सुपारीच्या कोळे रोगावर बोर्डो मिश्रण फवारतात. फ्रान्समधल्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं कुणी चोरू नयेत म्हणून त्यांवर चुना आणि मोरचूद शिंपडत. त्या वेलींवर केवडा कमी आहे हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं.

एक टक्का मिश्रणाचं प्रमाण: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही द्रावणं वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत करायची, चुना विरल्यावर गार होऊ द्यायचा आणि मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतायची. आकाशी रंगाचा साका येतो. सोपं करून लिहिलं तर:

कॉपर सल्फेट + कॅल्शियम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शियम सल्फेट

हे दुहेरी विस्थापन. प्रत्यक्षात साक्यात कॉपर, सल्फेट आणि हायड्रॉक्साइड एकत्र असलेली संयुगंही असतात, पण पहिल्या वाचनाला एवढं पुरे.

आता त्या पाच पाण्याच्या रेणूंचा उपयोग. ते धरून एक मोल मोरचूद सुमारे २५० ग्रॅम भरतं, कळीच्या चुन्याचं मोल ५६ ग्रॅम. समीकरणात प्रमाण एकास एक आहे. म्हणजे एक किलो मोरचूदाला कागदावर साधारण २२५ ग्रॅम चुना पुरतो. मग शेतकरी किलोभर का घालतो? एक तर बाजारातला चुना शुद्ध नसतो, आणि उघडा राहिलेला चुना हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा कार्बोनेट होतो (पायरी ६ मधली तिसरी अभिक्रिया). दुसरं म्हणजे मोकळा कॉपर आयन उरला तर पानं करपतात. त्यामुळे चुना जास्त झालेला परवडतो, कमी पडलेला नाही.

चुना पुरला का हे बघायला बागायतदार घासून चकचकीत केलेला विळा किंवा लोखंडी खिळा मिश्रणात थोडा वेळ बुडवतात. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळा कॉपर शिल्लक आहे:

लोह + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + कॉपर

लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते द्रावणात जातं आणि तांबं बाहेर पडतं. हे विस्थापन. मग थोडी निवळी घालून पुन्हा खिळा बुडवायचा, थर चढेनासा होईपर्यंत. लोखंडी किंवा पत्र्याची बादली का चालत नाही, याचंही उत्तर हेच समीकरण देतं.

घरी बघायचं तर टाकाऊ प्लॅस्टिकच्या पेल्यात चिमूटभर मोरचूद विरघळवा आणि घासलेला खिळा टाकून तासभर ठेवा. खिळा तांबूस होतो आणि निळा रंग फिका पडत जातो. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे स्वयंपाकाचं भांडं किंवा चमचा त्याला लावायचा नाही, नंतर हात साबणाने धुवायचे. उरलेलं पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा माशांच्या टाकीजवळ टाकायचं नाही, कारण कॉपर माशांना घातक असतं. आणि शेतासाठी केलेलं बोर्डो मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. ठेवलं की साक्याचे कण एकमेकांना चिकटून जाड होतात, पानावर नीट बसत नाहीत, आणि फवाऱ्याचं नोझल तुंबतं ते वेगळंच.